टाकीच्या पडद्यावर मराठी शब्द: बिटमॅप आणि मास्क यांच्या नोंदी

शेतावरच्या पाण्याच्या टाकीत किती पाणी आहे आणि मोटरीला वीज आहे की नाही, हे मोटरघराच्या दारातूनच दिसावे, यासाठी एक लहान पडदा बसवण्याचे काम हाती घेतले आहे. पातळी मोजण्याचा सेन्सर आणि रिले यांचे काम आधीच झालेले असल्यामुळे त्यांच्याविषयी येथे लिहिलेले नाही. या नोंदी फक्त पडद्यावरच्या चित्रांच्या आहेत, कारण वेळ गेला तो तिथेच, आणि मराठी शब्द पाण्याच्या चित्रावर उमटवू पाहणाऱ्या इतरांचाही तो बहुधा तिथेच जाईल.

५ जानेवारी २०२५

साहित्य असे: आर्डुइनो उनो या लहान संगणक-बोर्डाच्या नकलेचा बोर्ड साधारण साडेचारशे रुपयांना आणि ०.९६ इंचाचा, १२८ × ६४ पिक्सेलचा ओएलईडी (पिक्सेल स्वतःच उजळणाऱ्या पडद्याचा) मॉड्यूल साधारण अडीचशे रुपयांना मिळाला. मॉड्यूलमध्ये एसएसडी१३०६ हा कंट्रोलर, म्हणजे पडदा चालवणारी चिप, असून जोडणी आय-टू-सी पद्धतीची, म्हणजे चार तारांची आहे. दुकानातून आलेला नमुना पिवळा-निळा निघाला. या प्रकारात वरच्या १६ ओळी पिवळ्या आणि खालच्या ४८ ओळी निळ्या उजळतात. हा रंग काचेवरच ठरलेला असतो, प्रोग्रॅममधून त्यात काहीही बदलता येत नाही. दोन रंगांच्या मध्ये एक बारीक काळी फटही दिसते. त्यामुळे कोणताही शब्द १६व्या ओळीवर आडवा पडून चालणार नाही, हे आराखड्याच्या वेळीच ठरले.

आराखडा असा ठरवला: पिवळ्या पट्टीत मोटरीची स्थिती आणि निळ्या भागात पूर्ण रुंदीची टाकी. टाकीत पाणी खालून वर चढते, त्याच्या पृष्ठभागावर एक तरंगता चेंडू असतो, मधोमध टक्केवारीचा आकडा दिसतो आणि वीज गेली की त्याच जागी ‘वीज नाही’ असे मोठ्या अक्षरांत उमटते. शब्दांसाठी वेगळी जागा ठेवली तर टाकीचे चित्र अंगठ्याच्या नखाएवढे होते, म्हणून शब्द पाण्यावरच छापायचे आहेत. मास्कची, म्हणजे शब्दाखालची जागा आधी काळी करून घेणाऱ्या चित्राची, सगळी भानगड या एका निर्णयातून उद्भवली.

८ जानेवारी

देवनागरी फॉन्ट थेट बोर्डावर चढवण्याचा विचार सोडून दिला. या पडद्यांसाठीच्या नेहमीच्या लायब्ऱ्या (तयार कोडचे संच) एकामागून एक अक्षर ठेवत जातात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न्यायचा, जोडाक्षर एकत्र घडवायचे, हे त्यांना ठाऊक नसते. ती अक्कल त्यांना शिकवण्यापेक्षा आपल्याला लागणारे मोजके शब्द संगणकावर चित्र म्हणून तयार करणे सोपे आहे. वाक्ये ठरलेली आहेत, बदलतो तो फक्त आकडा.

चित्रे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या पिलो या चित्रांच्या लायब्ररीने करायची ठरवली. तिथेही पहिला अडथळा तोच आला. पिलोला राक्म हा मजकूर मांडणारा घटक सापडला नाही, तर ती मुकाट्याने साध्या मांडणीवर येते आणि ‘स्थिती’चे ‘स्थ िती’ करून ठेवते. चूक झाल्याचा कोणताही संदेश येत नाही. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत राक्म उपलब्ध आहे का, हे तपासून घ्यावे आणि नसेल तर काम तिथेच थांबवावे.

९ जानेवारी

फॉन्ट ‘मुक्ता’ निवडला. तो मुक्त परवान्याचा आहे आणि त्याच्या अक्षरांची पोटे मोकळी असल्यामुळे २४ पिक्सेल उंचीतही ती बुजत नाहीत.

करड्या छटांचे चित्र काळ्या-पांढऱ्यात बदलताच अक्षरांच्या कडेने रांगोळीसारखे ठिपके आले. पिलो एक-बिट रूपांतर करताना काही न सांगता फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धतीचे ठिपके पसरवते. छायाचित्रासाठी ते उत्तम आहे, अक्षरासाठी मात्र ती घाण होते. ते बंद करून साधा उंबरठा लावला: ठराविक उजेडाच्या वर पांढरा, खाली काळा. उंबरठा अगदी मधोमध, म्हणजे १२८वर ठेवला, तर ‘ह’ची बारीक वळणे तुटतात. ११०वर ती टिकली.

त्याहून अधिक वेळ शिरोरेषेने घेतला. शिरोरेषा पिक्सेलच्या दोन ओळींच्या मधोमध पडली, की एका आकाराला ती एका ओळीची होते, तर पुढच्या आकाराला तिची जाडी एकदम तीन ओळींची होते आणि वेलांटीचा फासा तिच्यात बुडतो. फॉन्टचा आकार एकेका पिक्सेलने वरखाली करत, शिरोरेषा नेमकी दोन ओळींत बसेल तो आकार शोधला आणि उरलेले दोनचार पिक्सेल जिम्प या चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये हाताने भरले. हाताने भरण्यात कमीपणा काही नाही; इतक्या लहान आकारात शेवटचा निर्णय डोळ्यानेच घ्यावा लागतो.

११ जानेवारी

‘वीज नाही’ हे चित्र चारी बाजूंच्या मोकळ्या जागेसह ६० × २८ पिक्सेलचे झाले. अ‍ॅडाफ्रूटच्या ग्राफिक्स लायब्ररीला चित्र ओळीओळीने लागते: प्रत्येक बाइटमध्ये आडवे आठ पिक्सेल, सर्वांत डावीकडचा पिक्सेल सर्वांत वरच्या बिटात, आणि प्रत्येक ओळ नव्या बाइटपासून सुरू. म्हणजे ६० पिक्सेलच्या ओळीला साडेसात नव्हे, तर ८ बाइट लागतात आणि संपूर्ण चित्राला २२४. आधी वापरलेले रूपांतराचे एक साधन ओळींच्या शेवटी भर न घालता सगळे बिट सलग भरत होते. त्यामुळे पडद्यावर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा ४ पिक्सेल डावीकडे सरकली आणि शब्द वाऱ्यात झुकलेल्या ज्वारीच्या ताटांसारखा तिरका दिसू लागला. तिरकेपणा दिसला, की चित्राची रुंदी ८ने भागून बाकी किती उरते ते आधी पाहावे.

हे साधन बाजूला ठेवले, कारण पिलो एक-बिट चित्राचे बाइट देते तेव्हा नेमकी हीच मांडणी करते. भरही तीच घालते. ते बाइट तसेच हेडर फाइलमध्ये लिहिणारी छोटी स्क्रिप्ट पुरेशी झाली.

१२ जानेवारी

पडद्यावर नुसता कचरा. चित्राची यादी ‘कॉन्स्ट’ म्हणून घोषित होती, पण तिला ‘प्रॉगमेम’ ही, फ्लॅशमध्येच राहू देण्याची, खूण नव्हती. उनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये अशी यादी फ्लॅशमधून (प्रोग्रॅम साठवण्याच्या मेमरीतून) रॅममध्ये (चालू कामाच्या मेमरीत) उतरवली जाते. लायब्ररीचे चित्र काढणारे फंक्शन मात्र ‘कॉन्स्ट’ यादी फ्लॅशमध्येच आहे असे धरून तिथला पत्ता वाचते. त्या पत्त्यावर दुसरेच काहीतरी असते आणि तेच पडद्यावर येते. चित्र बिघडलेले नसते, वाचण्याची जागा चुकलेली असते.

याच्याशी जोडून आणखी एक गोष्ट. या चिपमध्ये रॅम २०४८ बाइट आहे आणि पडद्याचा बफर, म्हणजे पडद्यावरचे चित्र आधी रचण्याची रॅममधली जागा, १०२४ बाइट घेतो. हा बफर प्रोग्रॅम चालू झाल्यावर मागितला जातो, म्हणून कंपायलरच्या शेवटच्या अहवालात तो दिसत नाही. अहवालात ६० टक्के रॅम वापरली असे दिसले, तरी प्रत्यक्षात बफरला जागा उरलेली नसते आणि पडदा काळाच राहतो. पडदा सुरू करणारे फंक्शन अशा वेळी ‘खोटे’ हे उत्तर परत देते. ते तपासून बोर्डावरचा दिवा लुकलुकवावा, म्हणजे तारा उपसत बसावे लागत नाही.

१५ जानेवारी

आता मूळ प्रश्न. पाणी म्हणजे पेटलेले पिक्सेल, आणि अक्षर म्हणजेही पेटलेले पिक्सेल. चित्र साध्या पद्धतीने काढले, तर फक्त पेटलेले बिट उमटतात, म्हणून पाणी वर आले की शब्द पाण्यात विरघळतो. पार्श्वभूमीचा रंग देऊन काढले, तर शब्दाभोवती काळा चौकोन येतो आणि टाकीच्या पोटात पाटी ठोकल्यासारखी दिसते. तिसरा मार्ग उलट रंगाचा: खाली पेटलेले असेल तिथे विझव, विझलेले असेल तिथे पेटव. हा मार्ग फुकटचा आहे, वेगळे चित्र लागत नाही, आणि इंग्रजी अंकांसाठी तो चालूनही जाईल. देवनागरीत मात्र पाण्याची आडवी कड शिरोरेषेच्या आसपास आली, की रेषा कोणती आणि पाणी कोणते हे कळत नाही. पाणी संथपणे चढते, म्हणून ही अवस्था बराच वेळ तशीच राहते.

चौथा मार्ग मास्कचा. अक्षराच्या आकाराचेच, पण सर्व बाजूंनी एक पिक्सेल फुगवलेले दुसरे चित्र तयार करायचे. आधी ते काळ्या रंगात काढायचे, मग त्यावर मूळ अक्षर पांढऱ्या रंगात. अक्षराभोवती एका पिक्सेलची काळी कड येते आणि शब्द पाण्यातही वाचता येतो, हवेतही. फुगवण्यासाठी पिलोमधला ३ × ३ चा कमाल-फिल्टर वापरला. हे काम बोर्डावर करण्यात अर्थ नाही; संगणकावर एकदाच करून दोन्ही चित्रे फ्लॅशमध्ये ठेवावीत.

अक्षर आणि मास्क एकाच मापाच्या कॅनव्हासवर ठेवले आहेत. मास्क मोठा आणि अक्षर लहान ठेवले, तर थोडे बाइट वाचतात, पण दर वेळी एक पिक्सेल वजा करण्याचे लक्षात ठेवावे लागते. ३२ किलोबाइट फ्लॅशमध्ये एवढी काटकसर करण्याची गरज नाही.

१६ जानेवारी

मास्क लावून पडदा टेबलावर चालू ठेवला होता. आप्पा चहा घेता घेता वाकून पाहू लागले आणि म्हणाले, “बीज नाही? अरे, पेरणी होऊन किती दिवस झाले!”

पाहिले तर खरेच ‘बीज नाही’ असे दिसत होते. ‘व’च्या पोटातली मोकळी जागा ३ × ३ पिक्सेलची आहे. मास्क एका पिक्सेलने फुगला, की त्या नऊपैकी कडेचे आठ पिक्सेल झाकले जातात आणि मधला एक उघडा राहतो. पाणी शब्दाच्या मागे आले, की तो एकच पिक्सेल पेटतो, आणि पोटात ठिपका असलेला ‘व’ वाचणाऱ्याला ‘ब’ वाटतो. टाकी रिकामी असताना शब्द बरोबर, भरलेली असताना चूक! रिकाम्या पार्श्वभूमीवर तपासणी करून मास्क बरोबर आहे असे समजू नये. पूर्ण पांढऱ्या पार्श्वभूमीवर तपासावा.

उपाय म्हणून फुगवलेल्या मास्कच्या बाहेरची जागा कोपऱ्यातून रंगाने भरली आणि जिथे हा रंग पोचला नाही ते सगळे मास्कमध्ये सामील केले. बंद पोटे आपोआप काळी झाली. यासाठी चारी बाजूंना २ पिक्सेल मोकळी जागा लागते. एकच ठेवली, तर फुगलेला मास्क कॅनव्हासच्या कडेला टेकतो, बाहेरच्या जागेचे तुकडे होतात, आणि कोपऱ्यातून ओतलेला रंग शिरोरेषेखालच्या भागात पोचतच नाही. मग तो सगळा भाग पोट समजून काळा होतो. कॅनव्हासचे ६० × २८ हे माप या २ पिक्सेलसह आधीच धरलेले होते, म्हणून चित्रे पुन्हा करावी लागली नाहीत.

१९ जानेवारी

आकडे. शून्य ते नऊ आणि टक्क्याचे चिन्ह अशी स्वतंत्र चित्रे केली, प्रत्येकाचा मास्कही केला. ‘४७%’ काढताना ४ ची उजवी कड खाल्लेली दिसली. आधी ४ चा मास्क, मग ४, नंतर ७ चा मास्क, मग ७ असा क्रम होता. आकडे जवळजवळ ठेवले असल्यामुळे ७ चा मास्क ४ वर चढून त्याची कड पुसत होता. क्रम बदलला: आधी तिन्ही चिन्हांचे मास्क, मग तिन्ही चिन्हे. याच्यासाठी आकड्यांमधले अंतर वाढवण्याचा सल्ला सहज सुचतो, पण अंतर वाढवले की १०० टक्के मावत नाही.

२३ जानेवारी

तरंगता चेंडू १६ × १६ चा आहे. तो अर्धा पाण्यात, अर्धा हवेत असतो, म्हणून त्यालाही मास्क हवा. तो हलका डुलावा अशी हौस होती, म्हणून त्याच्यापुरते फंक्शन स्वतः लिहिले, जे पिक्सेलऐवजी थेट बफरच्या बाइटांवर काम करते.

एसएसडी१३०६चा बफर आडवा नसतो. पडद्याचे आठ-आठ ओळींचे आठ पट्टे असतात आणि एका बाइटमध्ये उभे आठ पिक्सेल, सर्वांत वरचा पिक्सेल सर्वांत खालच्या बिटात. चेंडूचे चित्र म्हणून उभ्या मांडणीत तयार केले. मास्क लावण्याचे सूत्र एका ओळीचे आहे, मास्कखालचे बिट विझवायचे आणि मग चित्राचे पेटवायचे:

बफर = (बफर & ~मास्क) | चित्र

अडचण येते ती चेंडू पट्ट्याच्या सीमेवर नसताना. समजा चेंडू २१व्या ओळीपासून सुरू होतो. हा पट्टा क्रमांक २, म्हणजे १६ ते २३ ओळींचा, आणि बाकी ५. मास्कचा ११११११११ हा बाइट पाच घरे सरकवला, की १६ बिटांत तो असा होतो: ०००१११११ १११०००००. यातला उजवा बाइट पट्टा २ मध्ये जातो आणि २१ ते २३ ओळी झाकतो. डावा बाइट पट्टा ३ मध्ये जातो आणि २४ ते २८ ओळी झाकतो. इथवर सरळ आहे.

पहिल्या आवृत्तीत मास्क आधी उलटवून मग सरकवला जात होता. उलटवल्यावर वरच्या उदाहरणातला बाइट ०००००००० होतो; सरकवताना रिकाम्या जागी शून्येच येतात, म्हणून दोन्ही पट्ट्यांचे आठही बिट पुसले जातात. परिणामी चेंडूच्या वरच्या ५ ओळी आणि खालच्या ३ ओळी विनाकारण काळ्या झाल्या, आणि चेंडू डुलला की ही काळी पट्टी वरखाली आखूड-लांब होऊ लागली. आधी सरकवावे, मग उलटवावे. आणि उलटवल्यानंतर उत्तर पुन्हा ८ बिटांत आणून घ्यावे, कारण सी भाषा हा हिशेब मोठ्या पूर्णांकात करते.

२४ जानेवारी

टाकी पूर्ण रिकामी असताना बोर्ड पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. चेंडूची वरची कड ४८व्या ओळीच्या खाली गेली, की त्याचा खालचा भाग ‘पट्टा ८’ मध्ये लिहिला जातो, आणि असा पट्टा अस्तित्वातच नाही. १०२४ बाइटांच्या पुढची रॅम पुसली जात होती. आडव्या दिशेला एवढे नुकसान होत नाही, फक्त उजवीकडे बाहेर गेलेला भाग पुढच्या पट्ट्याच्या डाव्या टोकाला उगवतो. लायब्ररीचे फंक्शन ही सीमा स्वतः सांभाळते. स्वतःचे लिहिले की ती जबाबदारी आपली. दोन्ही दिशांच्या तपासण्या घातल्या.

या सगळ्याने वेग किती वाढला? फारसा नाही. पूर्ण बफर आय-टू-सीवरून ४०० किलोहर्ट्झने पाठवायला १०२४ बाइट × ९ बिट या हिशेबाने २३ मिलिसेकंद लागतातच, आणि तो वेळ आपल्या फंक्शनने कमी होत नाही. ज्याला चेंडू डुलवायचा नाही, त्याने ही दोन दिवसांची नोंद वगळून लायब्ररीचीच दोन फंक्शने मागेपुढे वापरावीत.

१ फेब्रुवारी

मोटरघरात लावून पाहिल्यावर ०.९६ इंच लहान पडतो असे दिसले. १.३ इंचाचा, तितक्याच पिक्सेलचा मॉड्यूल सुमारे चारशे रुपयांना आणला. तो एकरंगी आहे, पत्ता तोच, पिना त्याच, पण कंट्रोलर एसएच११०६. याची आतली मेमरी १३२ स्तंभांची असून १२८ स्तंभांची काच तिच्या मधोमध बसवलेली असते. जुना प्रोग्रॅम त्याला तसाच जोडला, तर चित्र नीट उमटत नाही. त्याला पट्ट्यापट्ट्याने पत्ता द्यावा लागतो. पट्टे नीट दिले, पण २ स्तंभांची भर घातली नाही, तर चित्र डावीकडे सरकून उजव्या कडेला दोन स्तंभांचा कचरा राहतो.

यू८जी२ या लायब्ररीत या कंट्रोलरची सोय आहे, म्हणून तिच्याकडे वळलो. तिला चित्रे एक्सबीएम मांडणीत लागतात. ओळी आणि भर तशीच, पण डावीकडचा पिक्सेल सर्वांत खालच्या बिटात. जुनी चित्रे दिल्यावर शब्द साधारण जागच्या जागी दिसतो, पण प्रत्येक आठ पिक्सेलांचा तुकडा आरशात पाहिल्यासारखा उलटा. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक बाइटचे बिट उलटवणारी एक ओळ वाढवून चित्रे आणि मास्क दोन्ही पुन्हा तयार केले. मास्कसाठी या लायब्ररीत चित्रांची पारदर्शक पद्धत मुद्दाम चालू करावी लागते. मुळात ती बंद असते आणि मग काळा चौकोन परत येतो. पारदर्शक पद्धत, रंग शून्य, मास्क. रंग एक, अक्षर.

३ फेब्रुवारी

रॅम वाचवण्यासाठी यू८जी२चा एका पट्ट्याचा, १२८ बाइटांचा बफर निवडला. यात चित्र काढणारा भाग दर पडद्याला आठ वेळा चालतो, एकेका पट्ट्यासाठी. चेंडूच्या डुलण्याची मोजणी याच भागात वाढत होती, त्यामुळे प्रत्येक पट्ट्यात चेंडू वेगळ्या उंचीवर निघून त्याचे दोन-तीन काप झाले. मोजणी आणि सेन्सरचे वाचन दोन्ही या फेऱ्याच्या बाहेर काढले. सेन्सरही आठ वेळा वाचला जात होता, म्हणून पडदा अडखळत होता. बफर थेट हाताळणारे २३ जानेवारीचे फंक्शन इथे उपयोगाचे नाही, ते काढून टाकले.

८ फेब्रुवारी

चित्रे आणि मास्क मिळून फ्लॅशमध्ये पाच किलोबाइटांच्या आत बसले. ओएलईडीचे पिक्सेल जितके पेटतात तितके मंदावतात, आणि भरलेली टाकी म्हणजे निम्म्याहून अधिक पडदा सतत पेटलेला. म्हणून पाणी सलग न भरता एक आड एक पिक्सेलच्या जाळीने भरले आणि दर मिनिटाला जाळी एका पिक्सेलने सरकवली. जाळीच्या पाण्यावर एका पिक्सेलची काळी कड पुरत नाही, अक्षराची बाजू दातेरी दिसते. मास्क दोन पिक्सेलने फुगवून, मोकळी जागा ३ पिक्सेलची करून सगळी चित्रे स्क्रिप्टने नव्याने काढली. दारातून उन्हात पाहताना ‘वीज नाही’ हातभर अंतरावरून वाचता येते. त्याहून लांबून वाचायचे असेल तर हा पडदा पुरणार नाही, २.४२ इंचाचा घ्यावा लागेल. पिवळ्या-निळ्या मॉड्यूलचा आता काही उपयोग नाही, तो खोक्यात ठेवला आहे.